उबवणाऱ्याचा हिशेब

बँकेत बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं अंड्यांवर लेख लिहावा, हे तसं अधिकाराबाहेरचं काम आहे. माझं शिक्षण बी.कॉम. जीवशास्त्राशी शेवटचा संबंध दहावीत आला, तोही बेडकाच्या आकृतीपुरता. आणि ती आकृती मी अशी काढली होती की बाईंनी खाली 'हा जिल्हा कुठला?' असा शेरा मारला होता. तरीही लिहितो. कारण ठेव स्वीकारणं, ती सांभाळणं आणि मुदत संपली की निमूटपणे परत देणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. आणि गेल्या उन्हाळ्यात माझ्या असं ध्यानात आलं की अंडं ही जगातली सगळ्यात जुनी ठेव आहे. प्रश्न एवढाच, की खातं कुणाच्या नावावर?

आम्ही राहतो अंबडला. जालन्याकडचं अंबड ते वेगळं, आमचं नाशिकचं. (त्यांची पार्सलं अधूनमधून आमच्याकडे येतात, आमची कुठे जातात ते कळत नाही.) पूर्वी हे नाशिकबाहेरचं खेडं होतं. आता एका बाजूला सिडको, दुसऱ्या बाजूला औद्योगिक वसाहत आणि मधल्या फटीत आमच्यासारखी कर्जाऊ फ्लॅटमधली मंडळी. माझ्या गॅलरीसमोर एक कडुनिंब आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख 'निसर्गरम्य परिसर' असा होता.

मे महिन्यात या निसर्गरम्य परिसरावर कावळ्याच्या एका जोडप्यानं घरटं बांधायला घेतलं. आता कावळा काड्या वापरतो हे मला ठाऊक होतं. पण हा पडला औद्योगिक वसाहतीतला कावळा. त्यानं वर्कशॉपांच्या मागून तारा आणल्या. लोखंडाच्या, तांब्याच्या, लाल-हिरव्या प्लास्टिकच्या आवरणाच्या. आमच्या वायरमननं सबंध फ्लॅटला जेवढी तार वापरली नसेल तेवढी या पठ्ठ्यानं एका घरट्याला वापरली, आणि त्याची एकदाही ट्रिप झाली नाही.

"काका, चार अंडी!" एके दिवशी चिऊ गॅलरीतून ओरडली. "निळसर हिरवी. वर तपकिरी ठिपके."

चिऊ माझी पुतणी. तिचं शाळेतलं नाव चांगलं पाच अक्षरी, संस्कृत आहे. पण ते फक्त गुणपत्रिकेवर वापरतात. बारा वर्षांपूर्वी दादा आणि वहिनी मस्कतला गेले. वहिनी नर्स, दादा एका गोदामावर सुपरवायझर. दोघांच्याही बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि राहायला एक खोली, तीही आणखी एका जोडप्याबरोबर. चिऊ तेव्हा चार वर्षांची. दादा म्हणाला, "दोन वर्षं ठेवतो तुमच्याकडे. जम बसला की नेतो."

'ठेवतो' हा शब्द दादाचा. मी फक्त नोंद करतो आहे.

दोन वर्षं संपली. मुदत ठेवीचं असं असतं, की मुदत भरली आणि ठेवीदार काही बोलला नाही, तर ती तेवढ्याच मुदतीसाठी आपोआप पुढे चालू होते. तसंच झालं. एकूण पाच वेळा. दादा दरमहा पैसे पाठवायचा. ते मी चिऊच्या नावावर टाकत गेलो. आम्हाला स्वतःचं मूल नाही. या विषयावर नातेवाइकांनी पुरेशी चर्चा केलेली असल्यामुळे इथे पुन्हा करत नाही.

तर, कावळीण अंड्यांवर बसली आणि चारच दिवसांत तो प्रकार घडला. सकाळी सातच्या सुमारास समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून कोकीळ ओरडायला लागला. आधी सांगून टाकतो: ज्या गोड गळ्यावर आपल्या कवींनी पिढ्यान् पिढ्या कोकिळेचं कौतुक केलं, तो गळा कोकिळेच्या नवऱ्याचा असतो. गातो तो नर. काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. हा गृहस्थ कावळ्यांच्या अगदी नाकासमोर येऊन कोकलायला लागला. दोन्ही कावळे खवळले आणि त्याच्या मागे लागले. तेवढ्यात पलीकडच्या फांदीतून एक तपकिरी, पांढऱ्या ठिपक्यांची बाई गुपचूप आली, घरट्यात क्षणभर टेकली आणि पसार झाली. एकानं काउंटरवर भांडण काढायचं आणि दुसऱ्यानं तेवढ्यात काम उरकायचं, ही पद्धत मी बँकेत पाहिलेली आहे. फरक इतकाच, की बँकेत येणारे काहीतरी घेऊन जातात. ही ठेवून गेली.

"आता पाच," चिऊ म्हणाली. "पाचवं जरा लहान आहे." मग थोड्या वेळानं, "काका, कोकिळा वाईट आई असते का?"

मी म्हटलं, "मास्तरांना विचार." शेजारी एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहतात. अवघड प्रश्न मी त्यांच्या खात्यावर वळते करतो.

मास्तर म्हणाले, "कर्तव्यच्युत! आपल्या पूर्वजांनी तिला ओळखलं होतं. संस्कृतात कोकिळाला परभृत म्हणतात. म्हणजे दुसऱ्यानं पोसलेला. आणि कावळ्याला परभृत्, म्हणजे दुसऱ्याला पोसणारा."

मी दोन्ही शब्द कागदावर लिहून पाहिले. फरक फक्त शेवटच्या 'त'चा. पोसलेल्याचा धडधाकट, पोसणाऱ्याचा पायमोडका. आमच्या सौ.नं कागद पाहिला आणि म्हणाली, "बरोबर आहे. बारा वर्षं शाळेच्या रिक्षापर्यंत धावून माझेही मोडलेत."

पण चिऊचं समाधान झालं नाही. "मग मास्तर, कासवी? ती तर बघायलासुद्धा येत नाही."

हा प्रश्न तिला सुचायला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आम्ही तिघं वेळासला गेलो होतो. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. तिथे ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासविणी किनाऱ्यावर येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात, वर वाळू ओढतात आणि समुद्रात परत जातात. पुन्हा त्या खड्ड्याकडे वळून पाहत नाहीत. पन्नासेक दिवसांनी पिल्लं आपली आपण फुटून बाहेर येतात. मुलगा की मुलगी, हेसुद्धा आईबाप ठरवत नाहीत. वाळूची ऊब ठरवते. जास्त तापलेल्या वाळूतून माद्या निघतात. पूर्वी ही अंडी लोक उकरून नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरून ती राखायला सुरुवात केली. आता गावकरी अंडी काढून कुंपणातल्या खड्ड्यात तितक्याच खोल पुरतात, सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहतात आणि पिल्लं निघाली की लाटांपाशी नेऊन सोडतात. आपली अंडी कुणी राखली हे कासविणीला ठाऊक नाही. आपण कुणाची राखतो आहोत हे गावकऱ्यांना ठाऊक आहे, पण त्यांनी कधी पावती मागितलेली नाही.

गंमत म्हणजे, आपल्या संतांची कासवी अगदी उलट आहे. ती पैलतीरावरून नुसत्या नजरेनं पिल्लांना वाढवते. अभंगांतला हा दाखला मला लहानपणापासून आवडायचा. वेळासला कळलं की खऱ्या कासविणीनं पिल्लं पाहिलेलीच नसतात. पण मग मला रात्रीचे साडेनऊ आठवले. रोज रात्री साडेनऊला मस्कतहून व्हिडिओ कॉल यायचा. वहिनी पाळीवरून आलेली असायची, गणवेशातच. "जेवलीस का? दाखव बघू ताट." आणि चिऊ फोन ताटावर धरायची. वहिनी पाच मिनिटं त्या ताटाकडे बघत राहायची. संतांना बहुधा हीच कासवी दिसली असावी.

त्या दिवसापासून आमच्याकडे जेवताना अंडी हाच विषय. चिऊ वाचून यायची, मास्तर निकाल द्यायचे आणि मी त्याचं बँकेच्या भाषेत रूपांतर करायचो.

निसर्गात मुख्यतः दोन योजना आहेत, असं माझ्या लक्षात आलं. पहिली रोहू माशाची. एका हंगामात लाखांनी अंडी घालायची आणि प्रवाहाच्या हवाली करायची. लाख खाती उघडा, सेवा कुणालाच देऊ नका; त्यातली दोन-चार टिकली तरी शाखा चालते. दुसरी योजना हत्तिणीची. बावीस महिने पोटात एकच पिल्लू वाढवायचं आणि पुढे वर्षानुवर्षं सगळ्या कळपानं त्याच्या मागे मागे फिरायचं. हा आमच्या मॅनेजरचा खास ग्राहक. त्याला चहासुद्धा मिळतो.

या दोहोंच्या मध्ये नाना तऱ्हा. राखी धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून कोंडून घेते आणि नर एका फटीतून तिला घास भरवत राहतो. धनेश हे नाव सावकाराचं वाटतं, पण वागणूक पेन्शन खात्याची. कमळपक्ष्यात मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं बापाकडे. ही माहिती सौ.नं दोनदा मोठ्यानं वाचायला लावली. विंचवीण अंडी घालतच नाही, जिवंत पिल्लं देते आणि ती सगळी पाठीवर घेऊन हिंडते. ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडीही घालतो आणि पिल्लांना दूधही पाजतो. १७९९ साली इंग्लंडात त्याचं कातडं पोचलं तेव्हा कुणीतरी दोन प्राणी शिवून जोडले असावेत, असा शास्त्रज्ञांना संशय आला होता. हे मी समजू शकतो. जे खातं बचतही नाही आणि चालूही नाही, त्याकडे ऑडिटवालेही असेच पाहतात.

आणि शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या भुर्जीच्या गाडीवरची ती कोंबडी. रानातली तिची पूर्वज वर्षाला दहा-पंधरा अंडी घालायची आणि त्यांवर बसून एकवीस दिवसांत पिल्लं काढायची. माणसानं पिढ्या निवडून निवडून तिला वर्षाला तीनशेच्या घरात नेऊन ठेवलं. तिला कोंबडा दिसत नाही, त्यामुळे अंड्यात जीव नसतो. आणि अंड्यावर बसण्याची ओढही तिच्यातून काढून टाकली आहे. रोज एक अंडं, उतरत्या फळीवरून घरंगळत नजरेआड. नवं उद्दिष्ट समोर. तिच्याबद्दल मास्तर काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. मार्च महिन्यात बँकेत आमची अवस्था वेगळी नसते.

इकडे झाडावर पिल्लं निघाली होती. कोकिळेचं अंडं बारा-तेरा दिवसांतच फुटलं, कावळ्याची आणखी काही दिवसांनी. म्हणजे पाहुणा उशिरा येऊन पंगतीत पहिला बसला. मात्र आपला कोकीळ काही परदेशी कोकिळांसारखा यजमानाची पिल्लं ढकलून देतोच असं नाही. पाचातली तीन जगली, त्यात तो होता. कावळे दिवसभर घास आणत होते. भजी, पोळी, उंदराचा तुकडा, आणि एकदा चक्क आमच्या गॅलरीत वाळत घातलेला पापड.

"या कावळ्याला मूर्ख म्हणायचं की थोर?" मी मास्तरांना विचारलं.

"मूर्ख," मास्तर म्हणाले. "त्याला ठाऊकच नाही की पोर परक्याचं आहे. नकळत घडलं त्याला पुण्य म्हणत नाहीत."

चिऊ म्हणाली, "पण मास्तर, पिल्लाला भूक लागलेली असते. पुण्य मोजलं की नाही, त्याच्याशी त्याला काय?"

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला. मी कावळ्याची बाजू लढवायचं ठरवलं. म्हटलं, आमच्या लॉकरमध्ये कुणी काय ठेवलंय ते आम्हाला ठाऊक नसतं, तरी आम्ही ते राखतोच की! पण बोलता बोलता मी थांबलो. कारण मला आमची आणि कावळ्याची बरोबरी करायची होती आणि ती होत नव्हती. कावळ्याला ठाऊक नसतं. आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

कावळ्याविषयी मला एक हळवा कोपरा आहे. तीन वर्षांपूर्वी आमचे अण्णा गेले. दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. झाडावर वीसेक बसलेले, पण एक खाली येईना. दादा मस्कतहून आला होता. तो म्हणाला, "अण्णा, गावचं घर विकणार नाही." कावळे ढिम्म. मी म्हटलं, "अण्णा, तुमचं पोस्टातलं खातं मी बघतो." ढिम्म. पाऊण तास झाला. शेवटी आमची सौ. पुटपुटली, "चिऊचं शिक्षण नीट करू, अण्णा." आणि एक कावळा उतरला. त्याला तेव्हाच भूक लागली असेल, हे मान्य. तरीही.

आणि मग दहावीचा निकाल लागला, त्याच रात्री साडेनऊचा फोन आला. चिऊला चांगले गुण होते. वहिनी हसत होती आणि रडतही होती. मग दादानं फोन घेतला. "अरे, आम्ही कायमचे परत येतोय. पुण्याला फ्लॅट घेतलाय. चिऊ अकरावीला तिकडेच येईल."

मी म्हटलं, "वा! छानच!" बँकेत मोठी ठेव मोडायला कुणी आलं की आम्ही असंच हसतो.

रात्री मला झोप आली नाही. मी उठून कॅल्क्युलेटर घेतला. शाळेचे वर्षाला २२० दिवस धरले, तर बारा वर्षांत डबे झाले २६४०. तापात काढलेल्या रात्री, प्रकल्पांचे पुठ्ठे, सायकल शिकवताना फुटलेला माझा गुडघा, ते सगळं वेगळं. सौ. अंधारातच म्हणाली, "काय करताय?"

"हिशेब."

"कसला?"

मी सांगितला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, पोर आहे ती. कर्ज नव्हे." आणि कुशीवर वळली. तीही झोपली नव्हती, हे मला पाठीवरून कळलं.

मी मनातल्या मनात दादाला कोकीळ म्हणून टाकलं होतं. पण कोकिळेला घरटं बांधताच येत नाही. ती कलाच तिच्यात नाही. वहिनीला येत होतं. तिला जागा नव्हती. दरवर्षी ती महिनाभर यायची. पहिल्या दिवशी चिऊ काकूच्या पदराआड लपायची. मग वहिनी न्हाणीघरात जायची आणि बराच वेळ नळ चालू असायचा. उन्हाळ्यात नाशिकला पाणी जपून वापरावं लागतं, असं त्या नळाबद्दल मी एकदा विनोदानं म्हणालो होतो. तो विनोद माझ्या आयुष्यातला सगळ्यात वाईट होता, आणि माझ्या छापून आलेल्या विनोदांचा विचार करता ही काही लहान गोष्ट नाही.

मास्तरांना बातमी कळली तेव्हा ते म्हणाले, "शकुंतला! मेनका टाकून गेली, पक्ष्यांनी राखली म्हणून नाव शकुंतला, आणि कण्वानं वाढवली. सासरी धाडल्यावर कण्वाला काय वाटलं सांगतो कालिदास? कुणाची ठेव परत केल्यावर मन कसं मोकळं होतं, तसं वाटलं."

कालिदास महाकवी, पण त्यानं काउंटरवर काम केलेलं नसावं. मी हजारो ठेवी परत केल्या आहेत. ठेव परत केल्यावर शाखेत कुणाचंही मन मोकळं होत नाही. आकडा जुळतो. मन मोकळं होणं हा वेगळा विभाग आहे.

जायच्या आधीच्या रविवारी चिऊ म्हणाली, "काका, पांडवलेणी." आमच्या अंबडहून तो डोंगर दिसतो, महामार्गाला लागूनच. ती लहान असताना मी तिला खांद्यावर घेऊन पायऱ्या चढायचो. या वेळी ती पुढे होती आणि दर वीस पायऱ्यांना मागे वळून मी आहे ना ते पाहत होती.

दहा नंबरचं लेणं नहपानाचा जावई उषवदात याचं. तिथे ब्राह्मी लिपीत एक लेख आहे, सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. बँकवाल्यानं जन्मात एकदा तरी त्याच्यापुढे हात जोडावेत असा. उषवदातानं ३००० कार्षापण गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २००० एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक दरानं. १००० दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण दरानं. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण. मी तिथल्या तिथे गुणाकार केला. वर्षाचं व्याज २४०. वीस गुणिले बारा, २४०. पैचा फरक नाही! एकोणीस शतकांनंतर टॅली झालेली पाहून मला गहिवरून आलं.

"आणि मुदत?" चिऊनं विचारलं. तिला माझी भाषा येते.

"मुदत नाही. याला अक्षयनीवी म्हणतात. मुद्दल परत द्यायचंच नाही. फक्त व्याज उपभोगायचं."

"मग मुद्दल कुणाचं?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गप्प बसलो. ठेवणाऱ्याचं नाही, तो काढू शकत नाही. सांभाळणाऱ्याचं नाही, तो खर्च करू शकत नाही. भिक्षूंचं तर नाहीच. त्यांना फक्त त्या त्या पावसाळ्याचं वस्त्र. ते नुसतं पुढे पुढे जात राहतं. सगळ्यांनी मिळून ते मोडू द्यायचं नाही, एवढंच.

मग आम्ही तीन नंबरच्या लेण्यात गेलो. तिथे गौतमी बलश्रीनं आपल्या मुलाचं, सातवाहन राजा गौतमीपुत्राचं, कौतुक दगडात कोरवून ठेवलंय. तो गेल्यानंतर, नातवाच्या राज्यात. चिऊ म्हणाली, "म्हणजे या डोंगरात एक बँक आहे आणि एक आई आहे."

मी म्हटलं, "दोन्हीकडे हिशेब कोरून ठेवलाय."

उतरताना मी तिला तिचं पासबुक दिलं. बारा वर्षांचे दादाचे पैसे, व्याजासकट. तिनं शेवटचा आकडा पाहिला आणि विचारलं, "आणि तुम्ही काय घेतलंत?"

मी म्हटलं, "व्याज आम्ही रोजच्या रोज घेत होतो." हे बोलताना माझा आवाज जरा घोगरा झाला. डोंगरावर वारं असतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दादा-वहिनी आले. वहिनी सौ.ला म्हणाली, "तुमचे उपकार कसे फेडू?" सौ. म्हणाली, "तिला कारल्याची भाजी चालत नाही. दही थंड लागतं. पाऊस जोरात आला की दिवा चालू ठेवून झोपते." वहिनीनं हे सगळं एका वहीत लिहून घेतलं. ठेव परत देताना सही घेतात. आमच्याकडे एवढीच नोंद झाली. गाडी निघताना चिऊ खिडकीतून मला म्हणाली, "काका, घरट्यावर लक्ष ठेवा." मग तिनं काकूकडे पाहिलं आणि काच वर केली.

मी लक्ष ठेवलं. कोकिळाचं पोर घरट्याबाहेर फांदीवर आलं होतं. आता ते कावळा नाही हे आंधळ्यालाही दिसत होतं: शेपूट लांब, चोच वेगळी, अंगावर ठिपके. कावळीण त्याच्या समोर बसायची, त्याच्याकडे नीट निरखून बघायची आणि घास भरवायची. मास्तर म्हणतात तिला कळत नाही. मला आता तशी खात्री देता येत नाही. एका सकाळी ते उडालं. त्यानं मागे पाहिलं की नाही, मला दिसलं नाही. चष्म्यावर पाऊस होता.

घरट्याच्या तारा अजून झाडावर आहेत. कावळा मात्र रोज सकाळी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर येऊन ओरडतो. कावळा ओरडला की पाहुणा येतो, अशी आमच्या सौ.ची श्रद्धा आहे. ती लगेच एक मूठ तांदूळ जास्त टाकते. दिवाळीची सुट्टी लागेपर्यंत पाहुणा काही येत नाही. भात उरतो. तो आम्ही कावळ्याला घालतो. म्हणजे हिशेब जुळतो.